२५५ म्हणजे शिरोरेषा

माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढ म्हणून आई तीन वर्षं मागे लागली होती. शेवटी काढला, टेबलावर ठेवला, वीज दिली, आणि दहाव्या मिनिटाला त्याने घरभर धूर केला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूध उतू गेलं का गं?"

दूध नव्हतं. पॉवर सप्लायमधला कागदी कपॅसिटर होता. हा कॉम्प्युटर म्हणजे बीबीसी मायक्रो, आणि त्याचा हा जुनाच रोग. ते कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिले की तडकतात, ओल धरतात, आणि वीज मिळताच जळतात. हे मी वाचलेलं होतं, बदलायचे कपॅसिटर मागवूनही ठेवले होते. "एकदा चालू होतो का ते तर बघू" हा मोह आवरला नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी ते बदलले, आणि काळ्या पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' अशी ओळ उमटली.

हे यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं. १९८१च्या डिसेंबरात बाजारात आलं. ६५०२ प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्‌झ, मेमरी ३२ के. आपल्याकडे ते आलं 'क्लास' या सरकारी योजनेतून. १९८४मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची; त्यांच्याकडे तो नंतर आला. गणिताच्या बाई म्हणून तो आपोआप तिच्या गळ्यात पडला. पुढे शाळेने जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा एक संच, ड्राइव्ह आणि फ्लॉपींचा डबा तिने पैसे मोजून घरी आणला.

का आणला, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. स्नेहसंमेलनासाठी तिने पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. दोन महिने, आलेखाच्या वहीत एकेक अक्षर आखून. संमेलन झालं आणि आठवड्याभरात कुणीतरी तो पुसला. "पोरांनी पुसलंन्" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वही पुढच्याच पावसाळ्यात भिजून गेली.

फ्लॉपीवर बुरशी होती. कोकणातली फ्लॉपी म्हटल्यावर ती असणारच. सव्वापाच इंची फ्लॉपीचं पाकीट एका कडेने कापलं, आतली चकती अलगद बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने दोन्ही बाजूंनी पुसली आणि एका कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घातली. डाव्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. सव्वापाच इंचीमध्ये खाच बुजवली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीच्या अगदी उलट. ही चिकटपट्टी लावल्याशिवाय जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. पहिल्या प्रयत्नात 'डिस्क फॉल्ट १८' आला, म्हणजे सेक्टर (चकतीवरचा माहितीचा एक कप्पा) सापडत नाही. ड्राइव्हचं हेड पुसल्यावर गेला. मग ग्रीझवीझल नावाच्या छोट्या सर्किटवरून अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तंतोतंत नक्कल, लॅपटॉपवर उतरवली, आणि त्यानंतरच मूळ यंत्रावर दुसऱ्या फ्लॉपीत बॅकअप केला. ड्राइव्ह एकच, त्यामुळे मूळ फ्लॉपी घाल, नवी घाल, मूळ घाल, नवी घाल असं चाललं होतं. पुढचं सगळं त्या प्रतीवर.

लॅपटॉपवर प्रतिमा असताना जुन्या यंत्रावर कशाला डोकं फोडायचं, असं भाच्याने विचारलं. त्याचं बरोबर होतं. पण आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती, आणि तिला तोच कीबोर्ड हवा होता.

साधन होतं डिस्क डॉक्टर. कॉम्प्युटर कॉन्सेप्ट्स या ब्रिटिश कंपनीचा हा रॉम, म्हणजे प्रोग्रॅम कायमचा कोरलेली चिप. ती मदरबोर्डवरच्या रिकाम्या सॉकेटात बसवायची, की त्याच्या आज्ञा यंत्राच्याच होऊन जातात. त्यातल्या दोन मला हव्या होत्या. 'डीझॅप' फ्लॉपीवरचा कुठलाही सेक्टर उघडून दाखवते, 'एमझॅप' मेमरीचा कुठलाही भाग. एकीकडे हेक्स आकडे (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत लिहिलेले), दुसरीकडे तेच बाइट अक्षरांत. कर्सर नेऊन ठेवायचा आणि बाइट बदलायचा. 'नक्की का?' वगैरे विचारण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

आधी कॅटलॉग पाहिला. एकॉर्नच्या डिस्क फायलिंग सिस्टीममध्ये चाळीस ट्रॅक, म्हणजे चकतीवरचे गोल पट्टे, प्रत्येकावर दहा सेक्टर, प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा. त्या चारशेंपैकी पहिले दोन सेक्टर म्हणजे कॅटलॉग. पहिल्यात नावं, दुसऱ्यात त्याच क्रमाने प्रत्येक फाइलचे आठ बाइट: कुठे लोड करायची, कुठून चालवायची, लांबी किती, सुरुवातीचा सेक्टर कोणता. आठ बाइट शीर्षकाला आणि हिशेबाला गेले की उरतात एकतीस जागा. फ्लॉपीवर भरपूर मोकळी जागा असली तरी बत्तिसावी फाइल ठेवता येत नाही. 'कॅट फुल' म्हणून हात वर.

आईच्या फ्लॉपीवर बरोबर एकतीस फाइली होत्या.

"म्हणूनच पुसलं असणार," मी म्हणाले. "नवीन फाइल ठेवायला जागा नव्हती, कुणीतरी एक जुनी काढली."

"माझीच बरी दिसली!"

फाइल पुसली की या पद्धतीत फक्त कॅटलॉगमधली तिची नोंद जाते. मजकूर जिथल्या तिथे पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. शिवाय इथे प्रत्येक फाइल सलग सेक्टरांत असते, तुकडे होत नाहीत. म्हणून कागदावर एकतीस फाइलींचे सुरुवातीचे सेक्टर आणि लांब्या मांडल्या आणि फटी शोधल्या. एकच मोठी फट निघाली. ७४व्या सेक्टरला एक फाइल सुरू होत होती, लांबी ७०४ बाइट, म्हणजे तीन सेक्टर. त्यापुढची फाइल थेट ९६व्या सेक्टरला. मधले १९ सेक्टर कुणाच्याच नावावर नव्हते.

७७वा सेक्टर, म्हणजे ट्रॅक ७, सेक्टर ७, डीझॅपने उघडला. थोडा पुढे सरकले, आणि अक्षरांच्या रकान्यात हे दिसायला लागलं: '०,२५५,' मग काही आकडे, पुन्हा '०,२५५,' पुन्हा काही आकडे. सेक्टरमागून सेक्टर तेच.

आईने चष्मा वर केला. "ती शिरोरेषा आहे."

बीबीसी मायक्रोवर आपलं अक्षर बनवायचं तर आठ गुणिले आठ ठिपक्यांची चौकट मिळते. प्रत्येक ओळ म्हणजे एक आकडा. आठही ठिपके पेटवले की २५५, आणि अशी चौकट शेजारच्या चौकटीला लागली की रेघ सलग दिसते. आईने शिरोरेषा दुसऱ्या ओळीत घेतली होती. पहिली ओळ मात्रा, वेलांट्यांसाठी राखून ठेवलेली, म्हणून साध्या अक्षराला तिथे शून्य. आठ ओळींतल्या दोन अशा गेल्यावर उरलेल्या सहांत 'क्ष' कसा बसवला, हे ती अजून अभिमानाने सांगते.

म्हणजे प्रोग्रॅम होता. पण सुरुवात नव्हती. आईची फाइल ७४पासूनच असणार. ती पुसल्यावर जी नवी फाइल आली तिने त्याच फटीत पहिले तीन सेक्टर पटकावले. त्या फाइलीचं नाव, अर्थात रोमन अक्षरांत, 'पी.साप'. यातलं 'पी' म्हणजे डिरेक्टरी; आईने प्रत्येक मुलाला एकेक अक्षर वाटून दिलं होतं.

"पी कोण?" मी विचारलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या बाकावर बसायचा. मीच म्हटलं होतं त्याला, तुझा सापाचा खेळ संमेलनानंतर नीट फ्लॉपीवर ठेव म्हणून." थोडं थांबून, "पण माझा पूस असं नव्हतं म्हटलं."

आता १९ सेक्टर फाइल म्हणून परत मिळवायचे होते. नवी नोंद घालायला जागा नाही, एकतीस भरलेल्या. म्हणून प्रतीवरच्या फ्लॉपीत सापाचीच नोंद वापरली. लांबी ७०४ऐवजी ४८६४ केली, त्यासाठी दोन बाइट. सुरुवातीचा सेक्टर ७४ऐवजी ७७, एक बाइट. तीन बाइट बदलले आणि सापाच्या नावाखाली आईचा प्रोग्रॅम आला. फाइली कॅटलॉगमध्ये सुरुवातीच्या सेक्टरनुसार उतरत्या क्रमाने असाव्या लागतात. तो क्रमही बिघडला नाही.

पुढचं काम मेमरीत, आणि इथे मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली. बीबीसी बेसिक या यंत्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक ओळ ०डी या बाइटने सुरू होते. मग दोन बाइट ओळीचा क्रमांक, एक बाइट ओळीची एकूण लांबी, मग मजकूर. आपला तुकडा भलतीकडेच सुरू होत होता, त्यामुळे पहिला ०डी शोधायचा आणि तिथून प्रोग्रॅम सुरू आहे असं बेसिकला सांगायचं, असा माझा बेत. (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या पत्त्याला बेसिक 'पेज' म्हणतं, आणि पत्त्याआधीचं & हे चिन्ह म्हणजे पुढचा आकडा हेक्स.) तिसराच बाइट ०डी निघाला. तो नेमका &३००० वर येईल असं लोड केलं, पेज &३००० केलं, प्रोग्रॅम धड आहे का हे तपासायला एंड टाइप केलं. 'बॅड प्रोग्रॅम'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रॉम वाकडा बसलाय का, मेमरी खराब आहे का, फ्लॉपी नीट वाचली गेली नाही का, सगळ्या शंका घेऊन झाल्या.

दुसऱ्या दिवशी एमझॅपमध्ये ते बाइट मी बोटाने एकेक मोजत वाचले. ०१, ९ए, ०डी... ०१९ए म्हणजे ४१०. हा तर ओळीचा क्रमांक! मग तिसरा बाइट ०डी ही ओळीची सुरुवात नाहीच, ती लांबी: तेरा. तेराव्या बाइटला पुढचा ०डी, हिशेब बरोबर. ओळ ४१०चा खरा सुरुवातीचा बाइट मागच्या सेक्टरच्या अगदी शेवटी होता, आणि तो सापाने गिळलेला.

एकच बाइट कमी होता. फाइल &३००१ वर लोड केली, एमझॅपने &३००० वर ०डी ठेवला, आणि एंड. काहीही तक्रार आली नाही. लिस्ट केल्यावर ओळ ४१०पासून शेवटपर्यंत सगळा प्रोग्रॅम पडद्यावरून सरकत गेला. (इथे ओल्ड ही आज्ञा वापरू नये. ती ओळीच्या क्रमांकाच्या वरच्या बाइटमध्ये शून्य ठेवते, आणि ४१०ची १५४ होते.)

याच फ्लॉपीवर मुलींच्या नावांची एक यादीही होती. तीही डीझॅपमध्ये उघडून पाहिली, आणि मला वाटलं फाइल बिघडली आहे: सगळी नावं उलटी, गीताचं स्पेलिंग शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. बिघाड काही नाही. बेसिक मजकूर डेटा फाइलमध्ये लिहिताना उलटाच लिहितं.

ओळ १० ते ४०० गेल्या त्या गेल्याच. काय होतं त्यांत? पडद्याचा मोड, अक्षरांचे आकडे वाचून घेणारा फेरा, आणि ज्याची शेपटी ४१०पासून होती त्या मांडणीच्या फेऱ्याची सुरुवात. आईने सांगायचं, मी टाइप करायचं. ती 'आठवत नाही, आठवत नाही' म्हणत अचूक सांगत होती. मोड ४ तिनेच सांगितला.

रन केलं. पडद्यावर अक्षरं आली, पण वाचता येईनात. 'स्वागत'च्या जागी काहीतरी 'ढ्याझग'सारखं.

"बूट कुठाय?" आई म्हणाली.

मला कळेना. मग उजेड पडला, ती '!बूट' फाइलबद्दल विचारत होती. शिफ्ट दाबून ब्रेक केलं की जी आपोआप चालते ती. तिची अक्षरं सत्तरच्या वर. यंत्र नव्या अक्षरांसाठी मुळात एकच पान देतं, &०सी००पासून २५६ बाइट, म्हणजे बत्तीस अक्षरं. तेहतिसावं अक्षर पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. एमझॅपने ते पान उघडलं तर तेच झालं होतं. यादीतली शेवटची अक्षरं पहिल्यांवर चढलेली. जास्त जागा हवी तर '*एफएक्स २०,२' द्यायचं आणि बेसिकचं पेज वर ढकलायचं. हे प्रोग्रॅम लोड होण्याआधी करावं लागतं, म्हणून तिने ते !बूटमध्ये ठेवलं होतं. त्या !बूटमध्ये आता एकच ओळ होती: पी.साप चालव.

"एवढं मात्र त्याने व्यवस्थित केलं," आई म्हणाली.

एफएक्स देऊन पुन्हा सगळं लोड केलं, ०डी ठेवला, रन केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, सलग शिरोरेषेखाली, त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं स्वागत आलं. आई उठून पडद्याजवळ गेली.

"ळ चुकलाय."

"तूच काढलायस."

"तेव्हाही चुकला होता. पाचवी ओळ बघ, डावीकडचा वेढा मिटतच नाही. घाईत राहिला."

ळ होता १४७ क्रमांकावर, म्हणजे मेमरीत &०सी९८पासून आणि त्याची पाचवी ओळ &०सी९सी वर. एवढ्यासाठी एमझॅप उघडायचीही गरज नव्हती. बेसिकमध्ये प्रश्नचिन्ह, पत्ता, बरोबरचं चिन्ह आणि नवा आकडा. आईने बोटांवर ठिपके मोजून आकडा सांगितला, मी टाकला. पडद्यावरचा ळ तसाच राहिला, कारण तो आधीच छापून झाला होता.

"परत छाप," आई म्हणाली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.