काळं न पडलेलं हाड

लॅबमध्ये हाडाचा नमुना आला की आधी तो आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, नाहीतर मायक्रोटोमची, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राची पाती चालत नाही. कॅन्सर किंवा टीबी शोधायचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण हाडात खनिज बसतंय का, हाच प्रश्न असेल तर उत्तरच धुऊन जातं. म्हणून उमरेडकडच्या त्या बाईंच्या नमुन्यावर मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘आम्लात टाकू नये’.

बाई चाळिशीच्या. मांड्या दुखायच्या, जिना चढवेना. कुणी संधिवात सांगितला, कुणी ‘मणक्यात गॅप’. त्यांचे यजमान मला म्हणाले, “मॅडम, कॅल्शियमच्या गोळ्या त डबेच्या डबे संपले जी, मंग हाड कायले नरम?”

हाड तसंच प्लास्टिकच्या रेझिनमध्ये बसवून टंगस्टन कार्बाइडच्या पातीने कापावं लागतं. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी न फाटता काप काढले. असा हात मी क्वचितच पाहिलाय. मग सिल्व्हर नायट्रेटचा व्हॉन कोसा स्टेन, म्हणजे काप रंगवायची एक पद्धत. खनिज काळं दिसतं, नुसतं कोलॅजन, म्हणजे हाडाचा प्रथिनाचा सांगाडा, गुलाबी राहतं. याला सगळे कॅल्शियमचा स्टेन म्हणतात, पण चांदी धरते ती फॉस्फेटला.

निरोगी हाडात गुलाबी कड जेमतेम दिसते. इथे मधे बारीक काळा गाभा आणि भोवती जाडजूड गुलाबी पट्टे. बायोप्सीआधी काही दिवसांच्या अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. ते नव्याने बसणाऱ्या खनिजाला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात दोन पिवळ्या रेघा चमकतात. इथे एकच, तीही फिसकटलेली. कोलॅजनचा सांगाडा तयार होता, पण त्यात स्फटिक धरत नव्हते.

हाडातलं खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट. त्याच्या स्फटिकात 10 कॅल्शियममागे 6 फॉस्फेट लागतात. एक कमी पडलं की दुसरं कितीही ओता, स्फटिक बनत नाही. जाडजूड फाइलीत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा होते, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड बनवणाऱ्या पेशींचं एन्झाइम) दर वेळी वाढलेलं, आणि फॉस्फरस, म्हणजे रक्तातलं फॉस्फेट, एकदाही तपासलेला नाही! मला याचा फार राग आला.

तपासलं तर फारच कमी. लघवीतून वाहून जात होतं. लघवीतून फॉस्फेट बाहेर टाकायला लावणारं एफजीएफ-23 हे हार्मोन वाढलेलं निघालं, आणि पेट स्कॅनमध्ये टाचेत बोराएवढी गाठ सापडली. हे हार्मोन तीच गाठ सोडत होती. गाठ काढल्यावर थोड्याच दिवसांत फॉस्फेट वर आलं. हाड भरायला मात्र महिने लागतात. बाई अजून काठी घेऊन चालतात.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं की त्याच रक्तात फॉस्फरसही करावं, असं मी लेखी सुचवलंय. तपासणी अगदी स्वस्तातली. उत्तर आलं, “मॅडम, पॅकेजमध्ये बसत नाही.” मी परत लिहिणार आहे, या वेळी दोन्ही स्लाइडचे फोटो जोडून.