तुम्ही विचारलंत म्हणून: आपला मिक्सर तिकडे चालेल का?

कोथरूडला माझं मिक्सर, मोटर, इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान आहे. जुलै-ऑगस्ट आला की मुलं शिकायला परदेशी निघतात आणि त्यांच्या आया बॅगेत काय कोंबायचं याची यादी घेऊन हिंडायला लागतात. त्या यादीतला एक प्रश्न हमखास माझ्याकडे येतो : "इथला मिक्सर अमेरिकेत चालेल ना हो?"

उत्तर एका वाक्यात देता येतं. अमेरिका आणि कॅनडाला 230 व्होल्टचा मिक्सर नेऊ नका, 110 व्होल्टचा घ्या; इंग्लंड, जर्मनी, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया असेल तर बिनधास्त न्या, फक्त पिनेची सोय करा. पण हे सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग लॅपटॉपचा चार्जर कसा चालतो?", आणि तिसरा, "जाऊबाईंनी तिकडून आणलेला कॉफीमेकर आहे, तो लावू का?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिक्सर उलटा करा. भांडं काढून ठेवा आधी. बुडाशी एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा), 750 वॉट असं काहीतरी छापलेलं असतं. कंपनीचं नाव, रंग, वॉरंटी सगळं बघून लोक वस्तू घेतात आणि ही पट्टी काही वाचत नाहीत. बघतात ते पिनेकडे. पिन बसली म्हणजे वस्तू चालणार अशी एक ठाम समजूत आहे, आणि विमानतळावर मिळणारा तो अडॅप्टर या समजुतीला खतपाणी घालतो. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. टोपी बदलली म्हणून डोकं बदलत नाही. भिंतीतले व्होल्ट तेवढेच राहतात. वर स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा अर्थिंगची तिसरी पिन नुसती शोभेची असते, आत कशालाच जोडलेली नसते. लोखंडी अंगाच्या इस्त्रीला असला अडॅप्टर लावू नये.

आपल्याकडे सॉकेटला 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, अमेरिकेत 120 (वस्तूंवर 110 लिहितात ते याच्यासाठीच) आणि 60. जपानमध्ये व्होल्ट 100, आणि हर्ट्झ अर्ध्या देशात एक, अर्ध्यात दुसरे. हा घोळ मुद्दाम कोणी घातलेला नाही. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीज विकायला सुरुवात केली ती त्याच्या दिव्यांना मानवणाऱ्या 110 व्होल्टच्या आसपास, आणि अमेरिका पुढे त्याच आकड्याच्या अवतीभवती राहिली. बर्लिनच्या वीज कंपनीने 1899 च्या सुमारास 110 चे 220 केले. कारण तांबं. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो आणि तारेतलं नुकसान चौथाईवर येतं. म्हणजे त्याच तारांवर जास्त गिऱ्हाइकं. युरोप त्या वाटेने गेला, इंग्रजही, आणि आपण त्यांच्या मागे.

आता चार्जर. लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं दिसेल. आतलं सर्किट आलेली वीज आधी डीसी करून मग हवे तेवढे व्होल्ट काढतं, त्यामुळे त्याला जगात कुठेही फरक पडत नाही. असं लिहिलेलं असेल तर मला विचारायलाही येऊ नका.

तापणाऱ्या वस्तूंचं मात्र गणित वेगळं आहे. इस्त्री, किटली, टोस्टर, हेअर ड्रायर. यांच्या कॉइलमध्ये व्होल्ट निम्मे केले तर उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपली 1500 वॉटची किटली अमेरिकेत 120 वर लावली तर ती जेमतेम 400 वॉटची होते. चहाचं पाणी उकळेपर्यंत चहाची इच्छा मरते. जळत काही नाही. उलट दिशेने मात्र खेळ खलास. जाऊबाईंचा 1000 वॉटचा अमेरिकन कॉफीमेकर इथे 230 वर लावला की तो साडेतीन हजार वॉटच्या वर खेचायला बघतो. कधी एमसीबी पडतो, कधी थर्मल फ्यूज जातो, कधी कॉइल तुटते. माझ्याकडे येणाऱ्या अशा वस्तूंची "एकदाच लावला हो" ही एकच कहाणी असते. त्यातल्या थोड्याच दुरुस्त होतात आणि ज्या होतात त्याही करण्यात अर्थ नसतो. हेअर ड्रायरला कधीकधी 120/240 असा बारीक खटका असतो, नाण्याने फिरवायचा. तो असेल तर फिरवून घ्या, नसेल तर माळ्यावर टाका.

मिक्सरकडे येतो. मिक्सरमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते; ब्रश म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे. तिला हर्ट्झचं सोयरसुतक नाही, 50 काय नि 60 काय. म्हणूनच सौदी अरेबियात, जिथे आता 230 व्होल्ट पण 60 हर्ट्झ आहेत, आपला मिक्सर चालतो. (तिथे पूर्वी 127 व्होल्ट होते, तेव्हा जुन्या इमारतीत राहणार असाल तर आधी विचारून घ्या.) व्होल्ट मात्र तिला बरोबर लागतात. 230 चा मिक्सर 120 वर लावला तर तो फिरतो, आणि हाच घोटाळा आहे. रिकामं भांडं लावून बघितलं तर "चालतोय की!" असं वाटतं. त्यात भिजवलेली उडदाची डाळ घाला. पातं रुतून बसतं, मोटर घुमते, फिरत नसल्यामुळे तिचा स्वतःचा वारा तिला मिळत नाही, वाइंडिंग (तारेचे वेढे) तापतं आणि खालचं ओव्हरलोडचं लाल बटण बाहेर येतं. दोनचारदा ते दाबून लोक पुन्हा रेटतात. मग वार्निश जळाल्याचा वास.

"मग तुम्हीच 110 चं वाइंडिंग करून द्या ना!" हेही विचारतात. करता येतं. फील्ड (मोटरचा स्थिर भाग) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्हींचे वेढे साधारण निम्मे करायचे आणि तार जाड घ्यायची, कारण करंट दुप्पट होणार : 750 वॉटला इथे सव्वातीन अँपिअर लागतात, तिथे सव्वासहा. म्हणजे स्विच, ब्रश, ओव्हरलोडचं बटण, वायर सगळं त्या हिशोबाने बदलायला हवं. एवढं करून जी वस्तू होते ती ना कंपनीची ना तिकडच्या सुरक्षा तपासणीच्या शिक्क्याची. मी करत नाही. जो करून देतो म्हणतो त्याला स्विच बदलणार का, एवढंच विचारा.

दुसरा मार्ग ट्रान्सफॉर्मरचा. तो चालतो, खोटं का बोला. पण 750 वॉटच्या मिक्सरला 750 चा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही; मोटर सुरू होताना आणि अडकताना कितीतरी जास्त खेचते, म्हणून दुपटीचा, दीड-दोन हजार वॉटचा घ्यावा लागतो. तो उचलायला दोन्ही हात लागतात आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो कायमचा भाडेकरू होऊन बसतो. खिशात मावणारा "2000 वॉटचा कन्व्हर्टर" मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर नव्हे. तो विजेची लाट कापून देतो. साध्या कॉइलच्या वस्तूला एक वेळ ठीक, मोटरला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूला नाही.

इंजिनिअरिंगचा एखादा मुलगा आईला थांबवून मला सांगतो, "काका, अमेरिकेत घरात 240 येतंच." बरोबर आहे. तिकडे घरात 120 च्या दोन तारा येतात, दोन्हींच्या मध्ये 240 मिळतात. कपडे वाळवायचं मशीन, ओव्हन त्यावर चालतात. पण ते सॉकेट ओट्यावर नसतं, आणि भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावायची परवानगीही नसते. चटणीसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार.

हर्ट्झचा खरा त्रास साधा फ्रिज, साधा पंखा, मायक्रोवेव्ह यांना. यांच्या मोटरी ब्रशच्या नसतात, वेग हर्ट्झवर ठरतो. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. 60 साठी बनवलेला साधा मायक्रोवेव्ह इथे 120 करून दिला तरी त्याच्या पोटातला मोठा ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो. जुनी विजेची घड्याळं हर्ट्झ मोजूनच चालतात. अमेरिकेचं असं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. आणि जपानला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली, 50 ची, ओसाकाने अमेरिकेहून, 60 ची. तो फरक सव्वाशे वर्षांनंतरही तसाच आहे, सीमा साधारण फुजी नदीच्या आसपास. 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेला वीज कमी पडली तेव्हा पश्चिमेची हवी तेवढी तिकडे वळवता आली नाही, याचं एक कारण हेच.

एवढं सगळं वाचून घरातल्या वस्तू सुरक्षित आहेत असं समजू नका. भिंतीतले 230 हे कागदावरचे. उन्हाळ्यात पंप सुरू झाले की गावाकडे 170-180 सुद्धा दिसतात. दिवा मंद होतो, त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फ्रिजचं : कॉम्प्रेसर उठायला बघतो, उठत नाही, दर थोड्या वेळाने टक-टक आवाज येतो. कमी व्होल्टेजने वस्तू जळत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात; मोटर जळते. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर घ्या, आणि त्याच्यावर लिहिलेली खालची मर्यादा बघून घ्या, नुसती किंमत नको.

आणि कधी घरातले निम्मे दिवे अचानक लख्ख पेटले, पंखे भन्नाट फिरायला लागले, तर आनंद मानू नका. खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला असण्याची शक्यता असते आणि दोन फेजमधले 400 व्होल्ट तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येऊ शकतात. मेन स्विच आधी, फोन नंतर.

तर मुलीला अमेरिकेला पाठवताय ना? आपल्याकडच्याच कंपन्या 110 व्होल्ट, 60 हर्ट्झचे मिक्सर तिकडच्यासाठी बनवतात. इथेही मिळतात, तिकडेही. तिकडचा ब्लेंडर व्होल्टला जुळतो, पण त्याच्याकडून हळकुंड किंवा भिजलेला तांदूळ वाटून घ्यायची अपेक्षा करू नका, तो शेक-स्मूदीच्या घरचा. सुमीत मिक्सर जन्माला आला तोही असाच : साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला, दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल असा स्वतःच बनवायला घेतला.

इथून न्यायचंच असेल तर 110 च्या मिक्सरबरोबर दोन जादा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा) आणि ब्रशची एक जोडी द्या. वजन काही नाही आणि तिकडे ते चटकन मिळत नाहीत. फक्त ब्रश 110 च्या मॉडेलचेच घ्या, 230 च्या डब्यातले उचलू नका.