नववीचं वर्ष, तिकडचं

जूनच्या शेवटी आम्ही मालवणला आलो. न्यू जर्सीत शाळा तेव्हाच सुटतात, इथे भावंडांच्या शाळा कधीच सुरू झालेल्या. बाहेर धो धो पाऊस, 31 जुलैपर्यंत बोटी बंद, म्हणजे ताटात सुका बांगडा नि दिवसभर गजाली. त्यात माझ्या लेकाला त्याच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षाबद्दल आजीने खोदून खोदून विचारलं.

तिकडे हायस्कूल नववी ते बारावी, नववीवाले फ्रेशमन. इथे सगळं टेन्शन दहावीचं, त्यात निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला, मग काय बघायलाच नको. तिकडे मात्र नववीच्या पहिल्या टेस्टपासूनचे मार्क जीपीएत, म्हणजे चारही वर्षांच्या सरासरीत, धरतात आणि तो जीपीए कॉलेजच्या अर्जावर जातो. 14 वर्षांच्या पोराला एवढं ओझं मला अजिबात पटत नाही. शिवाय अंधारात उठून बस पकडायची. या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलंय, कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूलसाठी तसा कायदाही आहे, आमच्याकडे साडेसातला पहिली बेल.

पण त्याला जड गेलं ते वेगळंच. तिकडे शिक्षक वर्गावर येत नाहीत, मुलंच दर पिरियडला खोली बदलतात, आणि प्रत्येक खोलीत मुलं वेगळी. स्वतःचा बाक नाही की बाकावरचा मित्र नाही. मधल्या चार मिनिटांत लॉकर उघडायचा, कुलपाची आकड्यांची चकती उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे, जरा हुकलं की पहिल्यापासून, शेवटी हा दिवाळीपर्यंत सगळी पुस्तकं पाठीवर घेऊन हमालासारखा फिरला. भावंडं हसून लोळली, तोही हसला.

आजी नाही हसली. "मगे डबो कोणावांगडा खातस?"

डबा कोणासोबत? लायब्ररीत, एकटाच. मलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, ऐकून पोटात कालवलं.

मग म्हणाला, बायोलॉजीत बेडूक कापायचा होता तेव्हा अर्धी मुलं तोंड फिरवून उभी, आणि हा तर सुट्टीत आजीच्या बाजूला बसून बांगडे साफ करणारा, त्याने आपलं भराभर काम केलं. टेबलावरच्या जोडीदाराने त्याच दिवशी जेवायला सोबत बोलावलं, वर्षाच्या शेवटपर्यंत दोघं एकत्रच जेवत होते.

आजी हे अख्ख्या वाडीत सांगून आली. सप्टेंबरात नवीन टाइमटेबल लागेल, दोघांचा लंच पिरियड एकच येऊ दे म्हणून तिने रामेश्वराला गाऱ्हाणंसुद्धा घातलंय.