टिंग

दुपारी वरण गरम करायला ठेवलं. मायक्रोवेव्हने टिंग केलं आणि माझी उजवी मूठ आपोआप एकदा गोल फिरली. जुनी खोड. लिफ्ट वाजली तरी फिरते. शेजारच्या काकूंनी एकदा काळजीने विचारलंही, "मनगट दुखतंय का रे?"

दुखत नाही. फॅसिट आहे ते.

बाबा पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागात कारकून होते. सुट्टीत कधीमधी मला सायकलच्या दांडीवर बसवून गणेशखिंडीला नेत. प्रॅक्टिकलच्या खोलीत ओळीने फॅसिट मशीनं मांडलेली, म्हणजे हाताने दांडा फिरवून आकडेमोड करायची यंत्रं. खोली रिकामी असली की म्हणत, "बस, पण जोर लावू नकोस." आकडा दाबायचा, दांडा सुलटा फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी. 347ने गुणायचं तर सात फेरे, एक घर सरकवा, चार फेरे, पुन्हा एक घर, तीन फेरे. खरी गंमत भागाकारात. उलटं फिरवत सुटायचं, खर्रर खर्रर, घंटी वाजेपर्यंत. टिंग झालं म्हणजे एक फेरा जास्त झाला. मग एक सुलटा फेरा मारून चूक फेडायची आणि पुढच्या घरात जायचं. पोरं अख्खी दुपार घालवून एक सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात तो आकडा, काढत, तोही शेजाऱ्याशी जुळत नसे.

हा विभाग 1953 साली वसंत शंकर हुजूरबाजारांनी उभा केला. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेला, मूळचा कोल्हापूरचा माणूस. 1974 साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा बाबा पेढे घेऊन आले. "आमच्या विभागाला मिळालं!" सरांचं नाव नंतर आलं.

आईने विचारलं, "कशाबद्दल?"

बाबा अडखळले. ते सगळे शब्द स्टेन्सिल कापताना त्यांच्या बोटांखालून गेले होते, डोक्यातून नव्हे. शेवटी एक हाती लागला. "सफिशियंट स्टॅटिस्टिक. सफिशियंट म्हणजे पुरेसं. कुठली माहिती पुरेशी असते, त्याचं संशोधन."

महिनाअखेर होती. आईने पेढ्याचा पुडा मोजून झाकला. "पुरेसं असण्यावर पद्मभूषण देतात होय?" म्हणाली. "मग मलाही द्या की."

बाबा हसले नाहीत. निवृत्तीनंतरही कोणी "स्टॅटिस्टिक्स म्हणजे नुसती जनगणना ना?" म्हटलं, की ते चष्मा काढून पुसायला लागत. मी पुढे बी.कॉम. केलं. त्यावरही त्यांनी चष्माच पुसला होता.

असो. मूठ फिरवून झाल्यावर दार उघडलं. वरण उतू जाऊन काचेच्या ताटलीभर पसरलं होतं, हिंगाचा वास घरभर. इथेही टिंग नंतरच वाजलं म्हणायचं. या यंत्राला सुलटा फेरा मारायला दांडा नाही, बटणं तेवढी आहेत.

फडकं घेतलं.