दहा मोजेपर्यंत दुर्बीण

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बक्षीस समारंभ, स्नेहसंमेलन वगैरे आठवायला हवं. त्यातलं फारसं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मला आठवते ती नववीतली जानेवारीतली एक सकाळ, आणि मी वाजवलेली एक टाळी.

विज्ञानाच्या बाई आम्हाला एसटीनं नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेल्या होत्या. गोदावरी आणि कादवा भेटतात तिथला हा ब्रिटिशकालीन बंधारा. गाळ साचत गेल्यानं मागे उथळ पाणी, मधूनमधून बेटं, काठाला पाणकणीस. पाणी उथळ म्हणूनच इतके पक्षी, हे बाईंनी गाडीतच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही अंताक्षरीत होतो.

दुर्बीण एकच, तीही बाईंनी कुणाकडून तरी मागून आणलेली. आपण डोळ्याला लावायची, मागच्यानं दहा आकडे म्हणायचे, की पुढे द्यायची. मागचा इतक्या झपाट्यानं मोजायचा की काचेत नुसतं धुकं दिसायचं. त्यामुळे बघितलं ते बहुतेक नुसत्या डोळ्यांनी. त्यात बाईंचा नियम असा, की पक्ष्याचं नाव विचारायचं नाही, तो काय करतोय ते आधी सांगायचं.

"बाई, ते काळं बदक पाण्यावरून पळतंय!"

"मग बाकीची बदकं का नाही पळत?"

खरंच, बाकीची जागच्या जागी उसळून उडत होती. कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पळणारा म्हणजे वारकरी. तो बदक नव्हेच. मग एकेक दिसायला लागलं. पसरट चोचीनं पाणी गाळत गोल गोल फिरणारे थापटे, शेपूट वर करून डोकं बुडवणारी तलवार बदकं, हवेत एका जागी थरथरून दगडासारखा खाली पडणारा कवड्या खंड्या.

मोजणीही तिथेच शिकलो. दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा अडवतात ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. गणितात काठावर पास होणारा मी यात बरा निघालो. बाईंनी वहीच माझ्या हातात दिली. शाळेच्या दहा वर्षांत मिळालेलं हे एकमेव पद!

बेटावर चक्रवाक झोपले होते. नारिंगी, माना पाठीत खुपसून. उडाले की पंखांतला पांढरा रंग दिसतो, असं बाई म्हणाल्या होत्या. मला तो बघायचा होता. मी टाळी वाजवली.

नुसते चक्रवाक नाही, अख्खं पाणीच उठलं. सगळा वर्ग "ओऽऽ" करून ओरडला. मला वाटलं, हे मी केलं! बाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "पुन्हा मोज."

परतीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात, बरेचसे रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. परत जायचं तर अंगात चरबी साठवायला हवी. "सकाळपासून त्यांना होडीनं उठवलं, भोवत्या या शिकारी पक्ष्यानं उठवलं, मग तू. दर वेळी थोडी थोडी खर्ची पडते," असं त्या हिशेब सांगावा तसं म्हणाल्या. रागावल्या असत्या तर एव्हाना विसरलो असतो.

2020च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाल्याची बातमी वाचली आणि ती वही शोधून काढली. चक्रवाकांच्या रांगेत 46 हा आकडा खोडलेला आहे. शेजारी माझ्या अक्षरात 'उडाले'. आणि त्यावर लाल शाईनं, शुद्धलेखन तपासल्यासारखी, बाईंची दुरुस्ती : 'उडवले'.