नॉर्वेतला पूर्वज शोधायचा तर आधी शेतवाडी गाठा

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडची नॉर्वेजियन वंशाची माणसं मूळ शोधताना आधी आडनाव टाकतात आणि तिथेच अडतात. नॉर्वेच्या खेड्यांत १९२३च्या कायद्यापर्यंत बहुतेकांना कायमचं आडनाव नव्हतंच. लार्सचा मुलगा उले लार्सन, मुलगी लार्सदात्तर आणि पुढे राहत्या शेतवाडीचं नाव. उले लार्सन हाउगेन उद्या बाक्केन शेतवाडीवर राहायला गेला, की नोंदीत तो उले लार्सन बाक्केन. अमेरिकेत तर सख्ख्या भावांपैकी एक लार्सन आणि दुसरा हाउगेन होऊन बसलेला सापडतो. त्यात हाउगेन नावाच्या शेतवाड्या नॉर्वेभर पसरलेल्या. तेव्हा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला गावांचा भाग, कळल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पॅरिश शोधायचा तो अमेरिकेतच. जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं 'नॉर्वे' लिहिलेलं असतं. नॉर्वेजियन लुथरन चर्चच्या वह्यांत मात्र लग्न, बाप्तिस्मा, दफन यांच्या नोंदींशेजारी बऱ्याचदा जन्मगाव मिळतं. माझ्या मते पहिला वेळ इथेच घालवावा.

जहाजांच्या याद्या चकवतात. १८५०-६०च्या दशकांत बरीचशी शिडाची जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला लागत, त्यामुळे न्यूयॉर्कच्या यादीत नाव सापडत नाही. आगबोटी आल्यावर पुष्कळ लोक आधी इंग्लंडमधल्या हल बंदरात उतरत, रेल्वेने लिव्हरपूलला जात आणि तिथून दुसरी बोट धरत. म्हणून दोन्हीकडच्या कागदांत बोटीचं नाव वेगळं दिसलं, तरी माणूस वेगळा ठरत नाही.

पॅरिश हाती आला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिजिटालआर्किव्हे' उघडायचं. ते फुकट आहे. १८६५, १८७५, १९०० आणि १९१०च्या जनगणना तिथे नावानिशी शोधता येतात. १८६५ची मला सगळ्यात बोलकी वाटते: घरातली माणसं, त्यांचं वय, जन्माचा पॅरिश, शिवाय गाई-मेंढ्या किती आणि बटाटा, बार्ली किती पेरली तेही. कुटुंब का निघालं असेल, याचा अंदाज त्या एका ओळीवरून येतो. शोधताना स्पेलिंग सैल ठेवा. 'ओ'सारखा उच्चार असलेलं आजचं 'å' हे अक्षर पूर्वी 'aa' असं लिहीत.

मग चर्चची मूळ वही. कन्फर्मेशनची, म्हणजे किशोरवयात चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याच्या विधीची, नोंद सोडू नका. साधारण पंधराव्या वर्षीच्या त्या एका ओळीत जन्मतारीख, आईवडील, शेतवाडी आणि अनेकदा देवीच्या लशीची तारीखही असते. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव देत, आणि मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव. त्यामुळे पहिला 'उले' दिसला की थांबू नका, पुढची काही वर्षं दफनाची पानंही चाळा. शेवटी गाव सोडून गेलेल्यांची यादी पाहा. तिथे तीच शेतवाडी, जुळणारं वय आणि 'अमेरिका' असं लिहिलेलं मिळालं, तर माणूस बहुतेक तोच.