बोनलेस

काकूंनी लाडूला टॉवेलात गुंडाळून आणलं तेव्हा बाहेर सात पेशंट ताटकळत होते आणि माझा मदतनीस रजेवर होता. साडेचार महिन्यांचं लॅब्रॅडॉर, वजन तेरा किलो. "सोफ्यावरून उतरला फक्त. तेव्हापासून मागचा पाय टेकवत नाही." सोफा म्हणजे किती, तर दीड फूट.

या वयाचं लॅब टेबलावर ठेवलं की आधी माझा स्टेथोस्कोप चावायला घेतं. हा गप्प बसून राहिला. पोटाखाली हात घातला तर कळवळला.

एक्स-रे काढला. मांडीचं हाड तुटलं नव्हतं, ओल्या फांदीसारखं दुमडलं होतं. पण खरा धक्का बसला तो बाकीची हाडं बघून. धडधाकट हाडाची कड पांढरीशुभ्र, ठसठशीत दिसते. इथे नुसती पेन्सिलीची पुसट रेघ. मणके तर आजूबाजूच्या मांसात विरघळून गेल्यासारखे.

पंधरा दिवसांपूर्वी मी गावाला असताना तो लंगडू लागला, म्हणून काकू दुसरीकडे दाखवून आल्या होत्या. तिथला रक्ताचा रिपोर्ट म्हणे नॉर्मल. कॅल्शियम ९.८. तो आकडा बघून वेदनाशामक देऊन घरी पाठवलेलं. अहो, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मलच येणार! खाण्यातून आलं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन ते हाडांतून उपसून आणतं. घरातलं सोनं विकून बँकेतली शिल्लक राखायची, तसं. आणि गोळीने दुखायचं थांबल्यावर पिल्लू सोफ्यावर चढणार नाही तर काय करणार?

"खायला काय देता?" विचारल्याबरोबर काकूंचा चेहरा खुलला. रोज अर्धा किलो ताजं बोनलेस चिकन, मऊ भात, गाजर, वरून चमचाभर तूप. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. शिजलेली हाडं घशात अडकतात म्हणून बोनलेसमधूनही कुर्चा राहिली असेल तर बोटांनी चाचपून काढायच्या. सकाळी अर्धा तास कोवळं ऊन. आठवड्यातून दोनदा कॅल्शियमचं सिरप. तीन मुलं वाढवलेली बाई. तिच्या स्वयंपाकात मी काय खोट काढणार?

केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. या वजनाच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम लागतं. ताटलीतलं सगळं मिळून शंभर मिलिग्रॅमही भरेना, आणि फॉस्फरस त्याच्या दहापट. सिरपच्या बाटलीवर लिहिलेलं, एका चमच्यात अडीचशे मिलिग्रॅम. उन्हाचं म्हणाल तर कुत्र्याच्या कातडीत पुरेसं ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या चिकनवाल्याच्या मागे गावठी पिल्लं कच्ची हाडं कुरतडत ताठ हिंडतात. लाडूच्या वाटची हाडं तेवढी निगुतीने वेचून फेकली गेली.

प्लास्टर घातलं नाही. इतक्या मऊ हाडावर त्याचं ओझं पडलं की वरच्या बाजूला दुसरीकडे मोडतं. नातवाच्या जुन्या प्लेपेनमध्ये सहा आठवडे कैद, उड्या बंद, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य. चिकन चवीपुरतं. "मग सिरप दुप्पट करू?" त्याला मी ठाम नाही म्हटलं. तयार खाद्यात ते पुरेसं असतं, आणि एवढ्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, त्यानेही हाडं बिघडतात. घरचंच द्यायचं असेल तर अंड्याच्या टरफलाची पूडसुद्धा वजन करून, आणि तांबं, जस्त, आयोडीन या सगळ्याचा हिशेब धरून. अंदाजपंचे नाही. पोत्यातलं खाद्य बघून काकूंचं तोंड वाकडं झालं. "हे वाळलेलं?"

मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला उपाशीच ठेवलं का हो?"

मी नाही म्हणाले, आणि औषधं लिहायला केसपेपर सुलटा केला. वरच पहिल्या लसीची नोंद. त्या दिवशी लसीला रांग होती, दीड मिनिटात एक पिल्लू. काकूंनी विचारलं असणार, "घरचंच देते, चालेल ना?" मी लिहिलं होतं: आहार – घरचा, उत्तम. खाली माझी सही.

सहा आठवड्यांनी हाडांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या. पाय किंचित वाकडा राहिलाय, पळतो मात्र. काकू दर भेटीला माझ्यासाठी डब्यात काहीतरी आणतात. लसीच्या दिवशी तो प्रश्न विचारल्याचं त्या विसरल्या, की आठवत असून बोलत नाहीत, मला अजून कळलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.